परगावचा मुक्काम

पूर्वी कामानिमित्त इंदुरास निघालेल्या मराठी माणसाला ‘उतरायचे कोठे’ हा प्रश्न पडत नसे. १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले, मराठी कुटुंबांची वस्ती वाढली आणि कोणाच्या ना कोणाच्या वाड्यात पाहुण्याची वळकटी सुखाने पसरली जाई. आता वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. वर्षातून सात-आठ फेऱ्या करणाऱ्याने आप्तांना किती संकोचात पाडावे?

शाळेच्या कचेरीकामासाठी मला या फेऱ्या घडतात. एका लग्नसराईत, मी फोनवर ठरविलेली खोली वऱ्हाडाला देऊन एका लॉजवाल्याने हात वर केले. विद्यार्थ्यांच्या मूळ गुणपत्रिका उराशी धरून ती रात्र मी स्टेशनच्या प्रतीक्षालयात जागून काढली. झोपेपेक्षा त्या कागदांची धास्ती मोठी होती.

पुढे स्नेहलतागंजातील एक साधे लॉज धरले. पहिल्याच खेपेस चार गोष्टी पाहून घेतल्या: आगाऊ रकमेची पावती, दाराची आतली कडी, पहाटेचे पाणी आणि भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा. संध्याकाळी पोचणाऱ्याला या शेवटच्या भेदापायी दुसऱ्या दिवसाचे भाडे पडू शकते. बिलही वाचावे, ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के आहे.

गेल्या पावसाळ्यात बस रात्री एकला पोचली. मनात जुनी धास्ती होतीच. व्यवस्थापक टेबलावर डोके टेकून पेंगत होता. पण फळीवर, माझ्या नावाच्या चिठ्ठीखाली, खोलीची किल्ली ठेवलेली होती.