डिझेल गाडीची गाळणी आणि आपली सवय

आपल्यातल्या कितीतरी गटांची भाजी नवी मुंबईला, वाशीच्या बाजार समितीत जाते. काही गटांनी त्यासाठी कर्ज काढून डिझेल गाडी घेतली आहे. गाडी तशी नवीच, तरी समोर पिवळा दिवा लागतो, चढाला गाडी ओढत नाही आणि गॅरेजवाला मोठा खर्च सांगतो. असं का होतं?

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. छातीत जाणारी बारीक काजळी ती अडवते. चहाच्या गाळणीत चोथा साठतो, तशी हिच्यात काजळी साठते. फरक एवढाच की ही काजळी झटकायची नसते, तिथेच जाळायची असते. गाडी हे काम स्वतःच करते. त्या वेळी गाळणी 600 अंशांच्या आसपास तापते.

इथे चालवण्याची सवय महत्त्वाची ठरते. गावाहून वाशीला येताना गाडी महामार्गावर एकसारखी धावते, धूर गरम राहतो, काजळी जळून जाते. पण तीच गाडी दिवसभर या सेक्टरमधून त्या सेक्टरमध्ये घरपोच भाजी देत फिरली, बाजाराच्या गेटवर इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहिली, तर गाळणी पुरेशी तापतच नाही. ओल्या लाकडाची चूल नुसती धुमसते, तसं होतं. जळणं सुरू असताना गाडी वारंवार बंद केली, तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

म्हणून आपल्या ड्रायव्हरदादांना चार गोष्टी सांगा. रांगेत इंजिन बंद ठेवा. गाळणीचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात. पुस्तिकेत सांगितलेलंच ऑइल घाला, कारण भलत्या ऑइलची राख गाळणीत बसते आणि राख काही जळत नाही. तापलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा पेंढ्याजवळ उभी करू नका. दिवा लाल झाला, तर मात्र गाडी थेट गॅरेजला दाखवा.

“गाळणीच काढून टाकू,” असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जाईल.

नवी गाडी घेणार असाल, तर आधी रोजच्या फेऱ्या मोजा. सगळ्या जवळच्याच असतील, तर सीएनजी किंवा विजेच्या गाडीचाही भाव विचारा, आणि मगच ठरावावर सह्या करा.