दोन होड्या, एक डेक

मुंबईहून अलिबागला जाणारे अनेकजण गेटवेवरून मांडव्याला कॅटमरानने जातात. तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं, हे या नावाचं मूळ. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर डेक टाकावा, तशी ही बोट. ती कमी डोलते, डेक ऐसपैस मिळतो. पण मोनोहलपेक्षा, म्हणजे एकाच सांगाड्याच्या बोटीपेक्षा, पत्रा, वेल्डिंग, मजुरी वाढते. मधला सांधा लाटांचा पीळ सोसेल इतका भक्कम लागतो. रोज भरून धावणाऱ्या फेरीला हा खर्च मला रास्त वाटतो, हौशी बोटीला नाही.

बोट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वेल्डिंगही नाजूक. अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यावरची ऑक्साइडची साय 2,000 अंशांच्या पुढे. म्हणून वेल्डर जोडाआधी स्टेनलेस स्टीलच्या तारब्रशने पत्रा घासून लख्ख करतो.