जुना गेम, नवा मॉनिटर

नारायणगाव-मंचरच्या घरांतून जाड काचेचे मॉनिटर गेले, आवडते गेम मात्र राहिले. १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’ ४:३ आकाराच्या पडद्यासाठी बनला. आजचा पडदा बहुधा १६:९. पडदाभर ताणलेलं चित्र एक तृतीयांशाने जास्त रुंद होतं. शिवनेरीचा फोटो आडवा ओढला तर कडेलोट टोक बुटकं दिसेल, तसंच हे.

ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘स्केलिंग’ शोधा आणि ‘अस्पेक्ट रेशो’ कायम ठेवणारा पर्याय निवडा. मग ६४०×४८० चं चित्र फुल एचडी पडद्यावर १४४०×१०८० होतं, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. त्या खुशाल राहू द्या, चित्राचा खरा आकार त्यांच्यामुळेच टिकतो. वाढ सव्वादोन पट असल्याने अक्षरं थोडी धूसर होतात. ‘इंटीजर स्केलिंग’ची सोय असेल तर चित्र नेमकं दुप्पट, १२८०×९६० होतं, लहान, पण लख्ख.

१९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ वेगळा. त्याच्या डॉस आवृत्तीचं ३२०×२०० चं चित्र जुन्या पडद्यावर उंचीत १.२ पट ताणलेलं दिसे. म्हणून जुने डॉस गेम चालवणाऱ्या ‘डॉसबॉक्स’च्या सेटिंग फाइलमध्ये ‘अस्पेक्ट’ समोर ‘ट्रू’ लिहायचं.