शिंद्यांच्या लष्करातले भाडोत्री साहेब

ग्वाल्हेरचा दौलतगंज ज्या लष्कर भागात आहे, ते लष्कर म्हणजे एकेकाळी खरोखरचीच छावणी होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तंबू ठोकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार आले, पेठा वसल्या. त्याआधी शिंद्यांच्या फौजेची सगळ्यात मोठी ताकद होती पगारी कवायती पलटणी, आणि त्यांचे सेनापती होते परदेशातून आलेले भाडोत्री साहेब. युद्धाचा ठेका खासगी माणसाला दिला तर काय काय होऊ शकतं, याचे जवळपास सगळे नमुने शिंदेशाहीत सापडतात.

करारातली पळवाट

बेन्वा डी बॉयन मूळचा फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या सॅव्हॉयचा. फ्रान्सची नोकरी झाली, रशियाची झाली, तुर्कांची कैद झाली, मद्रासेत कंपनीची चाकरीही झाली. १७८४ मध्ये तो महादजी शिंद्यांकडे आला आणि दोन पलटणी उभ्या केल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया या फौजेने जिंकल्या. पुढे त्याचे ‘कंपू’, म्हणजे कवायती ब्रिगेड, उत्तर हिंदुस्थानात दरारा ठेवून होते. त्याने एक अट मात्र आधीच घालून ठेवली होती: इंग्रजांशी लढणार नाही. महादजींनी ती मान्य केली. त्या वेळी ती कुणाला फारशी खुपली नसावी. दौलतरावांच्या काळात इंग्रजांशीच गाठ पडली, तेव्हा त्याच्या वारसाचंही मन त्या लढाईत नव्हतं.

रिसाला विकणे आहे

डी बॉयनकडे स्वतःच्या मालकीचं घोडदळ होतं. १७९५ च्या अखेरीस शिंद्यांची नोकरी सोडून युरोपला निघताना त्याने ते चक्क ईस्ट इंडिया कंपनीला विकलं, घोडे आणि स्वारांसकट. अमेरिकेचा जॉन पार्कर बॉइड त्याच्याही पुढे गेला. त्याच्या पलटणी, तोफा, हत्ती सगळं खासगी. कधी निजामाकडे, कधी होळकरांकडे, जो पैसे देईल त्याच्याकडे भाड्याने. कंटाळल्यावर सगळा सरंजाम फिलोज नावाच्या नेपल्सच्या साहेबाला विकून तो मायदेशी गेला आणि तिथे जनरल झाला.

शब्द दिला, नाना गेले

या फिलोज घराण्यातल्या मायकेलने पुण्यात जे केलं ते मराठी माणसाने विसरू नये. ३१ डिसेंबर १७९७. नाना फडणवीस शिंद्यांच्या छावणीत भेटीला जायला कचरत होते. मायकेल फिलोजने त्यांच्या सुखरूप परतीची हमी दिली. नाना गेले आणि तिथेच कैद झाले. रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात. सुटका झाली ती पुढच्या वर्षी, मोठी रक्कम मोजून. दौलतरावांना नानांना पकडायचंच होतं, हे खरं. पण त्यासाठी वापरला गेला एका परक्याचा शब्द, आणि त्या शब्दाचा जाब विचारायला कुठला दरबार नव्हता. मायकेल पुढे मुंबईला निघून गेला.

पगार थकला की धरणं

डी बॉयनच्या कंपूत जखमी शिपायाला बक्षीस मिळे, इस्पितळात असताना पगार चालू राही, कायमचा अधू झाला तर निवृत्तिवेतन आणि जमीन. अठराव्या शतकात ही फार मोठी गोष्ट होती, आणि पलटणी त्याच्यासाठी जिवावर उदार का होत, याचं अर्धं उत्तर इथे आहे. बाकी फौजांचा पगार महिनोन्महिने थके. मग शिपाई सरदाराच्या तंबूसमोर धरणं धरत. खुद्द दौलतरावांच्या छावणीतली अशी धरणी टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मधल्या पत्रांत लिहून ठेवली आहेत.

थकलेल्या पगाराचा याहून भयंकर नमुना पुण्यातला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात पगार मागत घुसलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पण तिथे एक गोष्ट घडली जी एरवी क्वचितच घडते: रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष फक्त सुमेरसिंग गारद्यावर न ठेवता त्यामागच्या राघोबादादांपर्यंत नेला. भाडोत्री हातांमागचा धनी शोधणारा असा न्यायाधीश आजही दुर्मीळ आहे.

१८०३: साहेब गेले, शिपाई राहिले

आता मुख्य प्रसंग. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं. गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला: शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज प्रजेने बाहेर पडावं, कंपनी तनखा देईल. बरेच जण पडले. लूकन नावाचा आयरिश अधिकारी तर ४ सप्टेंबरला अलीगढच्या हल्ल्यात इंग्रज तुकडीला वाट दाखवायला पुढे होता. काही आठवड्यांपूर्वी तो शिंद्यांचं मीठ खात होता.

मुख्य सेनापती पेरॉन, डी बॉयनचा वारस. त्याचं पद अंबाजी इंगळ्यांकडे जाणार अशी बातमी होती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याने युद्धाच्या सुरुवातीलाच इंग्रजांकडून परवाना मिळवून लखनौचा रस्ता धरला आणि शेवटी फ्रान्समध्ये वाड्यात राहिला. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई हरल्यावर शिंद्यांचा फ्रेंच सेनानी लुई बूर्कँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला हॅनोवरचा पोहलमन पलटणींचा नायक होता. त्या दिवशी त्याच्या तोफांनी गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाला, पुढच्या वेलिंग्टनला, रक्तबंबाळ केलं: दीड हजारांवर इंग्रज फौज मेली वा जखमी झाली. पोहलमन काही काळाने कंपनीच्या नोकरीत रुजू झाला.

मग १ नोव्हेंबर. अलवरजवळ लासवाडी. साहेब आधीच निघून गेलेले. कंपू उरला तो हिंदुस्थानी शिपायांचा आणि गोलंदाजांचा. ते तोफांजवळ उभे राहिले आणि बहुतेक तिथेच पडले. दोन हजारांच्या आसपास उरले ते शरण गेले. इंग्रज सेनापती जनरल लेकने आपल्या पत्रात त्यांच्या शौर्याचं तोंड भरून कौतुक केलं; फ्रेंच अधिकारी सोबत असते तर निकाल काय लागला असता याची त्याला धास्ती वाटली. या शिपायांची नावं आपल्याकडे नाहीत. डी बॉयनच्या गावात, शाँबेरीत, त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं उभं आहे. लासवाडीच्या गोलंदाजांचं काहीही नाही, आणि मला ते फार लागतं.

अपवाद होते, तेही मानाने सांगावेत. पानिपतात इब्राहिमखान गारदी पैशासाठीच आलेला होता. तरी तो भाऊसाहेबांना सोडून गेला नाही, आणि पकडला गेल्यावर त्याला ठार मारलं गेलं. पेरॉनने काढून टाकलेला जेम्स स्किनर लेककडे गेला, पण जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध, लढणार नाही असं सांगूनच. त्याचा रिसाला आजही भारतीय सैन्यात स्किनर्स हॉर्स म्हणून आहे.

बगदाद, मॉस्को

भाडोत्री फौजांची ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार केला, १७ इराकी नागरिक मेले. अमेरिकी प्रशासनाच्या हुकमाने ठेकेदारांना इराकी कायद्यातून सूट होती. चौघांना अमेरिकेतच २०१४ मध्ये दोषी ठरवलं गेलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. जून २०२३ मध्ये वॅग्नरची भाडोत्री फौज रशियातच उलटली आणि मॉस्कोच्या दिशेने निघाली. संरक्षण खात्याशी थेट करार करा, ही सक्ती तिच्या मालकाला नको होती. शनिवारवाड्याच्या गारद्यांना हे प्रकरण लगेच समजलं असतं.

पैसा ग्वाल्हेरचा, हुकूम साहेबाचा

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात इंग्रजांनी कलम घातलं: शत्रुराष्ट्राचा माणूस शिंद्यांनी नोकरीत ठेवायचा नाही, आणि परवानगीशिवाय इंग्रजही नाही. फिलोज घराणं मात्र टिकलं. त्यातला जाँ बातिस्त ग्वाल्हेरचा सेनापती झाला आणि पुढे त्याच घराण्यातल्या सर मायकेलने १८७४ मध्ये पुरा झालेला जयविलास राजवाडा उभारला.

डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनियार इथे हरल्यावर ग्वाल्हेरची फौज नऊ हजारांवर आणली गेली. त्याच वेळी ‘ग्वाल्हेर कंटिंजंट’ वाढवण्यात आलं: खर्च शिंद्यांच्या मुलखाचा, अधिकारी इंग्रज. १४ जून १८५७ ला मोरारच्या छावणीत हीच फौज आपल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर उलटली. महिनोन्महिने ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे तिला थोपवून धरत राहिले, शेवटी तात्या टोप्यांनी तिला कानपूरकडे नेलं. १ जून १८५८ ला जयाजीरावांची स्वतःची फौजही राणी लक्ष्मीबाई आणि तात्यांना जाऊन मिळाली, आणि महाराजांना आग्र्याला पळावं लागलं.