साडेसतरा मिलिमीटर तांबं

तांब्याचा एक चौकोन, त्याच्या काठातून निघालेली जेमतेम 0.7 मिलिमीटर रुंदीची पट्टी, आणि कनेक्टरजवळ एकदम 3 मिलिमीटरची झालेली तीच वाट. वायफायच्या 2.45 गिगाहर्ट्झसाठी घरच्या घरी करता येतो असा हा पॅच अँटेना. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांचा प्रोजेक्ट म्हणून तो भारी लाडका.

बघणाऱ्याची नजर चौकोनावर जाते. खरी करामत त्या बारीक पट्टीत आहे.

केबल 50 ओहमची. पॅचच्या काठावर भेटतात, समजा, 200 ओहम. दोन्ही थेट जोडले तर पाठवलेल्या शक्तीतली 36 टक्के आल्या वाटेने परत फिरते. जाड चऱ्हाटाला सुतळी बांधून झटका द्या. गाठीपाशी लाट थोडी पुढे जाते, थोडी हाताकडे परत येते, तसंच. उपाय म्हणून मधे तिसरी पट्टी घालायची. तिचा इम्पिडन्स दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ: 50 गुणिले 200 म्हणजे 10,000, वर्गमूळ 100. लांबी पाव तरंग.

एवढ्याने परतावा थांबतो कसा? थांबत नाहीच. उलट एकाच्या जागी दोन सांधे होतात आणि लाट दोन्हीकडून परतते. पण पलीकडच्या सांध्यावरून आलेली पाव तरंग जाऊन पाव तरंग परत आलेली असते, म्हणजे अर्धा तरंग उशिरा. पहिलीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा. पट्टीत घुटमळणाऱ्या बाकीच्या लाटा धरल्या की बेरीज नेमकी शून्य. चोरावर मोर, दुसरं काय!

हवेत या लहरीचा पाव तरंग 30.6 मिलिमीटर भरतो. बोर्डावर लहर अर्धीमुर्धी काच-इपॉक्सीतून चालते, तिचा वेग पडतो, आणि लांबी साडेसतरावर येते. कागदावरचं काम इथे संपतं.

पुढचं हाताचं. ग्लॉसी कागदावरची टोनरची छपाई इस्त्रीने तांब्यावर उतरवायची आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये हलवत राहायचं. जरा जास्त वेळ राहिला की द्रावण कडांच्या खालूनही तांबं खातं. 3 मिलिमीटरच्या वाटेला त्याचं काही वाटत नाही, 0.7 ची पट्टी मात्र 0.6 झाली तर तिचा इम्पिडन्स शंभरच्या वर सरकतो. त्यात या स्वस्त काच-इपॉक्सी बोर्डाचा, म्हणजे एफआर-फोरचा, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट हिशेबात 4.4 धरतात, आणि माल बदलला की तोही बदलतो. मग परतणारी शक्ती मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनालायझरवरचा खड्डा 2.45 ऐवजी भलतीकडेच दिसतो. जाणती पोरं म्हणून पॅच मुद्दाम किंचित लांब ठेवतात आणि ब्लेडने सोलत आणतात. कमी करणं सोपं. वाढवायचं तर तांब्याची टेप आणि डाग देण्याची कटकट.

या पट्टीची मोठी खोड म्हणजे ती एकाच फ्रिक्वेन्सीची. दुप्पट फ्रिक्वेन्सीवर तीच पट्टी अर्ध्या तरंगाची होते आणि असून नसल्यासारखी वागते. रुंद पट्टा ऐकायचा असेल तिथे ती अपुरी पडते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर, जिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकला जाई. नूतनीकरणानंतर 400 पर्यंत. तिथला एक फीड तर 250 ते 500 मेगाहर्ट्झ सांभाळतो. मधल्या फ्रिक्वेन्सीला पाव असलेला तुकडा इतक्या रुंद पट्ट्याच्या कोणत्याच टोकाला पाव उरत नाही. रुंद पट्ट्यासाठी एक रूढ तोड म्हणजे अशा दोन-तीन पट्ट्या पायऱ्या-पायऱ्यांनी जोडणं.

पण एफआर-फोरवर तीन पट्ट्या म्हणजे 5 सेंटीमीटर वाट, आणि हा बोर्ड वाटेत शक्ती गिळतो. वायफायला 2.4 गिगाहर्ट्झवर जेमतेम 83.5 मेगाहर्ट्झ लागतात. पोरं एकाच तुकड्यावर भागवतात, ते आळसापोटी नव्हे.