‘अरेस्ट’ म्हणजे कारण नव्हे, डॉक्टर

हॉस्पिटलात पेशंट दगावला की डॉक्टरांना फॉर्म ४ भरावा लागतो. त्यात मृत्यूच्या कारणांची साखळी मागितलेली असते: शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि त्याच्याही मुळाशी कुठला आजार होता. रात्रपाळीने पेंगुळलेला रेसिडेंट पहिल्याच ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितो, सही ठोकतो आणि पुढच्या पेशंटकडे पळतो. म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, तो मरताना कुणाचा थांबत नाही?

असा कागद माझ्या टेबलावर आला की मी तो परत वर पाठवते. मी एका धर्मादाय हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर आहे. आमचा विभाग, एमआरडी, तळघरात लाँड्रीशेजारी. लोकांना वाटतं, आम्ही फायली रचतो. रचतोही, नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांवरून, ०० ते ९९, म्हणजे नव्या फायलींची गर्दी एकाच रॅकवर होत नाही. पण त्याआधी प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते. ऑपरेशनची नोंद आहे का, संमतिपत्रावर तारीख-वेळ आहे का, डिस्चार्ज कार्डावरचं निदान आतल्या रिपोर्टांशी जुळतं का. मग आजाराला आयसीडी-१० मधला कोड द्यायचा.

कोड चुकला तर काय बिघडतं? समजा, मधुमेहाने किडन्या निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या बाई जंतुसंसर्गाने गेल्या. दाखल्यावर नुसतं ‘अरेस्ट’ आलं, की त्या सरकारी आकडेवारीत मधुमेहाखाली मोजल्याच जात नाहीत. आधीच २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. त्यातही असा भुसा मिसळला, तर आरोग्याच्या योजना कशाच्या जोरावर आखायच्या? शिवाय २०२३च्या कायदा-दुरुस्तीनंतर या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. मुलगा ती वाचतो आणि विचारतो, ‘‘मॅडम, पप्पांना हार्टचा त्रास नव्हताच, मग हे काय?’’

केस पिकलेल्या कन्सल्टंटला ‘‘सर, नोंद अपुरी आहे’’ म्हणायला एकटीची छाती पुरत नाही. पाठीशी कमिटी लागते, संघटना लागते. हे अमेरिकेतल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बायकांनी फार आधी ओळखलं. तिथे गंमत अशी की, पूर्ण नोंदींचा आग्रह आधी सर्जनांनीच धरला होता. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१८ मध्ये शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली. निकषांवर उतरली फक्त ८९. नापासांत मोठमोठी नावं होती. १९१९ मध्ये न्यू यॉर्कच्या हॉटेलात बैठक भरली तेव्हा ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून तिथल्याच भट्टीत जाळून टाकली. निकष मात्र राहिले, आणि प्रत्येक पेशंटची अचूक, संपूर्ण नोंद हा त्यांतला एक.

पण निकष कागदावर आणणं वेगळं आणि रोज संध्याकाळी एकेक फाइल पूर्ण करून घेणं वेगळं. ते काम ज्यांच्या गळ्यात पडलं, त्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या १९२८ मध्ये बोस्टनला एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. पहिल्या अध्यक्ष ग्रेस व्हायटिंग मायर्स. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रंथपाल राहिलेल्या बाई. तीच संघटना आज ‘अहिमा’ म्हणून ओळखली जाते. १९६८ मध्ये स्टॉकहोमला या पेशाचा जागतिक महासंघही उभा राहिला. मला सर्जनांच्या यादीपेक्षा मायर्सबाईंचं काम मोठं वाटतं. यादी जाळता आली, संघटना टिकली.

आमच्याकडे मी डेथ ऑडिटच्या बैठकीत खुर्ची मागून घेतली. अपुऱ्या फायलींची यादी डॉक्टरांच्या नावाने लावत नाही, युनिटच्या नावाने लावते. नाव लावलं की माणूस चिडतो. युनिट लावलं की प्रमुख स्वतःच आपल्या रेसिडेंटना खाली पिटाळतात. इंटर्न रुजू होतात तेव्हा तासभर मला द्या, हाही हट्ट पुरवून घेतला. त्यांना सांगते, रेकॉर्डची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते, हा २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीतला नियम. त्यावर पोरं पहिल्यांदा मान वर करून बघतात.

आता सगळं संगणकावर चाललंय. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर आहे, पेशंट चौदा आकडी ‘आभा’ नंबर घेऊन येतात. आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये कालची नोंद आज चिकटवायची सोय! घरी गेलेल्या पेशंटच्या फायलीत दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पेशंट कम्फर्टेबल’ अशी नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे. हे सॉफ्टवेअर निवडणाऱ्या कमिटीत आयटी होतं, अकाउंट्स होतं, एमआरडी नव्हतं. मेडिकल सुपरिंटेंडेंटना पत्र दिलं, आता आहे. पुढच्या बैठकीत माझा पहिला विषय: कॉपी-पेस्टची परवानगी कुणाला, आणि चिकटवलेल्या मजकुरावर मूळ तारीख कशी दिसणार.