घरचे माप आणि बाजाराचे माप

1956 सालच्या कायद्याने भारतात दशमान वजनमापे आली. त्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा. वेस ओलांडली की हिशेब नव्याने जुळवावा लागे. संगणकाच्या सी प्लस प्लस भाषेतही असेच घडले. अक्षरांची ओळ साठविणाऱ्या 'स्ट्रिंग'चे प्रमाणित रूप 1998 साली ठरले. तोवर मोठमोठ्या प्रणालींनी गरजेपोटी आपापली स्ट्रिंग घडविली होती. दोन प्रणाली एकत्र आल्या, की एकीची स्ट्रिंग दुसरीच्या रूपात उतरवून घ्यावी लागे. त्यात वेळ जाई आणि चुकांना वाव मिळे.

मग श्रोतेहो, जुने नाव खोडून प्रमाणित नाव लिहिले की काम संपले काय? तसे नाही. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या एलएलव्हीएम प्रणालीत 'स्ट्रिंगरेफ' आहे. ती अक्षरांची नक्कल करीत नाही. त्यांचा पत्ता आणि लांबी तेवढी जवळ बाळगते. पत्ता शून्य आला, तर ती त्यास रिकामी ओळ समजते. 2017 च्या प्रमाणातील 'स्ट्रिंग व्ह्यू' हिचीच बहीण. परंतु शून्य पत्त्यावर तिची कसलीच हमी नाही, आज्ञावली कोसळूही शकते. म्हणून माप जरूर बदलावे. पण जुन्या मापाने न बोलता काय काय सांभाळले होते, ते आधी तपासून घ्यावे.